खाकरणं कापू नका

माणसं गाण्याआधी खाकरतात. शास्त्रीय गाणारे हळूच खाकरतात, भजनवाले दणकून, आणि निवडणुकीचं प्रचारगीत म्हणायला आलेले तर माइकमध्ये तोंड घालून. गेली पंचवीसेक वर्षं मी हे सगळं कापून टाकते आहे. त्याबरोबर श्वास, ओठांची चपचप, बांगड्यांची किणकिण आणि दोन ओळींच्या मध्ये म्हटलेलं "च्यायला, परत चुकलं" हेसुद्धा. मी रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग इंजिनीअर आहे. रेकॉर्डिंग लोकांना साधारण कळतं. मास्टरिंग म्हणजे गाणं तयार झाल्यावर ते मोबाइलवर, गाडीत आणि लग्नाच्या मांडवात सगळीकडे धड ऐकू यावं म्हणून केलेलं शेवटचं काम. माझ्या आतेसासूबाईंना मी हे अनेकदा समजावलं. त्या लोकांना सांगतात, "आमची सून कॅसेटी भरून देते."

मुंबईत शिकाऊ होते तेव्हा गायक स्टुडिओत शिरले की मला चहा सांगायचे. मी सांगूनही टाकायचे, कारण वाद घालण्यापेक्षा चहा लवकर यायचा. मग ते काचेपलीकडे उभे राहायचे, मी काचेअलीकडे खुर्चीत बसायचे आणि सांगायचे, "सूर उतरला, परत घ्या." त्यानंतर चहा कोणी सांगायचं नाही.

नवऱ्याला अलिबागच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा आम्ही सासऱ्यांच्या वाडीत राहायला आलो. सुपारी सोलायची मोठी खोली रिकामी होती. तिच्या भिंती आतून जाड अस्तरानं मढवल्या, एका भिंतीत काच बसवली आणि स्टुडिओ झाला. समुद्र बाहेर ठेवता आला. नारळ नाही. शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर नारळ पडला की तेवढं गाणं परत घ्यायचं. येणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, म्हणजे ते वर बघून गात नाहीत.

एका सकाळी वाडीच्या फाटकापाशी एक पांढरी मोठी गाडी थांबली. उतरलेले गृहस्थ न्हावा शेव्याकडचे होते. त्यांचे कंटेनर ओढणारे ट्रेलर बंदरावर चालतात. सगळे त्यांना शेठ म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. इंजिनांच्या वर आवाज चढवून बोलायची आयुष्यभराची सवय असल्यामुळे ते कुजबुजले तरी आमचा कुत्रा उठून उभा राहिला.

"मॅडम, एक गानं भरायचं हाय. गुपचूप."

"कोणाचं?"

"माजंच."

हळदीची गाणी भरणारे स्टुडिओ पनवेलपासून उरणपर्यंत चिक्कार आहेत. इतक्या लांब का आलात, असं विचारलं.

"तिकडं भरलं त बेंजोवाला माजा भाचा, साउंडवाला मेव्हन्याचा दोस्त. मी घरी पोचायच्या आदी गानं घरी पोचल."

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हळदीला पहिलं गाणं त्यांचं वाजणार होतं. गाणं त्यांनी स्वतः लिहिलं होतं. त्यात चिमणी होती. असल्या गाण्यात ती नसेल तर बहुधा गाणं पासच होत नसावं. 'माजे अंगनाची चिमनी, उद्या जाशील उरून.' मुलगी उडून ठाण्याला जाणार होती. दीड-दोन तासांचा रस्ता. गाण्यावरून वाटलं असतं, सातासमुद्रापार निघाली आहे.

"नाव सांगायचं नाय कोनी," शेठ म्हणाले. "तिनं आवाज वलखाया पायजे."

"त्यापेक्षा मांडवात माइक घेऊन बोला ना दोन शब्द. सोपं पडेल."

शेठनी फाटकाकडे पाहिलं. "तिच्यासमोर मना बोलता येत नाय, मॅडम. बोलाया गेलो का वरडतोच मी. ती ब्यांकेत लागली, मना लई आनंद झाला, तरी वरडलोच. बोललो, येवऱ्या लांब कशाला जातेस नोकरीला. गान्यात मानूस वरडत नाय ना?"

त्याचा भरवसा मी दिला नाही.

ढोलकी, बासरी अशा वाद्यांचा ट्रॅक त्यांनी बाहेरून करून आणला होता. मी त्यांना काचेपलीकडे उभं केलं, कानाला हेडफोन लावले, माइक हातभर मागे ओढला, मग आणखी हातभर. शेठ दणक्यात खाकरले. मग मान वळवून दाराकडे बघत थांबले. कोणी नव्हतं. ओळ गायले. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा खाकरले, पुन्हा दाराकडे बघितलं. मला वाटलं घसा कोरडा पडतो आहे, म्हणून पाण्याची बाटली आत नेऊन ठेवली. ते बाटलीकडे असं बघत राहिले की जणू मी त्यांच्या हातात दुसऱ्याचं सामान दिलं आहे.

त्यांचा सूर त्यांच्या ट्रेलरसारखा होता. वळणावर पुढचा भाग एकीकडे जायचा आणि मागचा मागाहून यायचा.

"जरा हळू, शेठ."

"हलूच गातोय!" काच थरथरली.

दुपारपर्यंत काम झालं. ते गेल्यावर मी माझं काम सुरू केलं. खाकरणं कापलं. श्वास कापले. सूर एकेक करून जागेवर बसवला. हल्ली त्याला यंत्र असतं, पण यंत्रालाही कोणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. आवाजाची धार घासून काढली, खाली थोडी ऊब भरली. संध्याकाळी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "वा, कोण गं हा?" मी ती पावती समजले आणि गाणं शेठना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी परत फाटकाशी. या वेळी बरोबर त्यांची बायको होती आणि शेठचा चेहरा पडलेला होता.

"काय झालं? आवडलं नाही?"

"आवडलं ना," त्यांची बायको म्हणाली. "म्हनून त लोचा झाला. गारीत यांनी गानं लावला. मी बोलली, चांगला हाय, कोन गातो? मना वाटला टीव्हीवरचा कोन पोरगा."

"संसार झाला येवरा," शेठ म्हणाले. "हिनं वलखला नाय, त पोरगी काय वलखनार? ती बोलंल, मस्त हाय गानं, आनि नाचंल. नाचू दे. पन मंग मी कशाला गायलो?"

मला थोडा राग आला. चांगल्या कामावर आलेली तक्रार मला आवडत नाही. "आवाज तुमचाच आहे, शेठ. मी फक्त स्वच्छ केला."

"मॅडम, गारी धुवाया दिली ती. तुमी नंबरप्लेटच काढून टाकलीत."

मी त्यांना आत बसवलं आणि न कापलेला मूळ आवाज लावला, म्हणजे काय होतं आणि त्याचं मी काय केलं हे तरी त्यांना कळेल. शेठ कोचावर, शेजारी बायको मोबाइलमध्ये लग्नाच्या साड्यांचे फोटो बघत. स्पीकरमधून खाकरणं आलं.

बायकोनं मान वर न करता मोबाइल पर्समध्ये टाकला आणि अर्धवट उठली. "आले वाटतं."

मग तिला शेजारी बसलेले शेठ दिसले. ती पुन्हा खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, ती थांबेना.

"अगो, मी हितंच हाय!" शेठ म्हणाले.

"मना काय म्हाईत, तुमी दोन झालेत ते!" हसू आवरल्यावर ती माझ्याकडे वळली. "रोज संध्याकाली गेटवर आले का यांचा असाच खाकरना. आमचे सासऱ्यांचा पन असाच होता, घरात सुना होत्या म्हनून. आता कोन लपतो? पन सवय. मंग पोरगी पानी घेऊन जाते. न्हानी होती, गिलास दोन हातांनी धरायची, तवापासून. आता ब्यांकेतनं दमून येते, तरी तीच जाते. मना देऊ देत नाय."

"आनि गिलास हातात देताना रोज बोलते, आज किती लोकांवर वरडलात," शेठ म्हणाले.

दाराकडे बघून ते कशाची वाट बघत होते ते मला तेव्हा कळलं. माझी प्लास्टिकची बाटली अगदीच चुकीची होती.

"शेठ," मी म्हटलं, "गाणं खाकरण्यापासून सुरू करू या."

"हलदीला? खाकरनं? मोठ्या स्पीकरवर?" ते ताडकन उठले. "सगला भाऊबंद येनार, व्याही येनार. हसतील मॅडम!"

"हसतील. नक्की हसतील."

"मंग?"

"मग तुम्हीच ठरवा. व्याह्यांनी हसू नये असं हवंय, की मुलीनं ओळखावं असं हवंय? दोन्ही जमणार नाही. माझ्याकडे असं बटण नाही."

शेठ वाडीत जाऊन एक फेरी मारून आले. माडाखालून न जाता कडेकडेनं गेले, हे मी काचेतून पाहिलं. माझी सूचना त्यांच्या लक्षात राहिली होती. परत आले आणि म्हणाले, "लावा. पन गानं जरा बरं ठेवा."

सुराची मलमपट्टी बरीचशी काढून टाकली. दोनच जागी ती राहू दिली, कारण तिथल्या मूळ सुरानं प्रत्यक्ष चिमणी असती तर तीसुद्धा उडाली असती. आवाजाची धार परत दिली. खरं काम खाकरण्याचं होतं. लहान ठेवलं तर मांडवाच्या गोंगाटात बुडणार, मोठं ठेवलं तर म्हाताऱ्यांना वाटणार मेघगर्जना झाली. एका खाकरण्यावर मी अख्खी सकाळ घालवली. मोबाइलवर ऐकलं, गाडीत ऐकलं, स्वयंपाकघरातून ऐकलं. एवढी मेहनत मी आजवर कोणाच्या आलापावर घेतलेली नाही. त्याच्यानंतर शेठ दाराकडे बघत थांबले होते ती शांतता होती. एरवी अशी जागा मी हात लावताच कापते. ती तशीच ठेवली.

हळदीला आम्ही दोघंही गेलो. नवरा वाटेत म्हणाला, "लोक गाण्याला जातात. तू खाकरण्याला चालली आहेस."

मांडव शेठच्या घरापुढच्या पटांगणात होता, ट्रेलर उभे करायची जागा रिकामी करून. एका बाजूला स्पीकरची भिंतच रचली होती. मुलगी पाटावर बसली होती, कपाळापासून कोपरांपर्यंत पिवळी, आणि बायका अजून लावतच होत्या. शेठ कुठे दिसेनात. मग स्पीकरच्या भिंतीमागे त्यांच्या टोपीचं टोक दिसलं. बंदरावर चाळीस टनी कंटेनर मागे-पुढे करणारा माणूस तिथे शाळेत मार खायला बोलावल्यासारखा उभा होता.

मी साउंडवाल्याजवळ जाऊन उभी राहिले. त्याला फाइल दिली होती, पण आत काय आहे ते सांगितलं नव्हतं. त्यानं गाणं लावलं.

पटांगणभर खाकरणं घुमलं.

"फाइल खराब हाय!" म्हणत साउंडवाल्याचा हात बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही."

शेठच्या दोन्ही भावजयांचे हात आपसूक पदराकडे गेले. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले पुतणे खाली उतरले आणि एकानं काहीतरी मागे लपवलं. गाण्यातली ती शांतता चालू होती. व्याह्यांच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं. मी मनात म्हटलं, चला, निम्मं काम झालं.

मुलीचे डोळे हळदीमुळे मिटलेले होते. तिनं ते उघडलेही नाहीत.

"मम्मी, पप्पा आले," ती ओरडली. आवाज थेट बापाचा. "पानी दे त्यांना, मना उठता येत नाय!"

बायका हसल्या. मग तिलाच काहीतरी विचित्र वाटलं असावं. तिनं डोळे उघडून गेटकडे पाहिलं. गेटवर कोणी नव्हतं. तेवढ्यात ढोलकी सुरू झाली आणि स्पीकरमधून शेठचा आवाज आला, वळणावर थोडा हेलकावत, माजे अंगनाची चिमनी. मुलगी स्पीकरकडे बघत राहिली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मध्ये माणसं उठून उभी राहिली.

दिसलं तेव्हा शेठ स्पीकरमागून बाहेर आले होते आणि सवयीप्रमाणे साउंडवाल्यावर ओरडत होते, "आवाज वारव रे जरा!" त्यांची बायको पाण्याचा ग्लास घेऊन निघाली होती. मुलीनं पाटावर बसल्या बसल्याच हात पुढे केला.

"हिकडं आन. मी देते."

आईनं ग्लास तिच्या हातात दिला. शेठ पाटापर्यंत आले आणि उभे राहिले.

"आज किती लोकांवर वरडलात?" मुलीनं विचारलं.

"एकावरच," शेठ म्हणाले. तेवढं मात्र हळू म्हणाले. ग्लासावर पिवळी बोटं उठली होती. त्यांनी पाणी उभ्यानंच, सगळं पिऊन टाकलं.

दुसऱ्या कडव्यात मी बासरी फार सुरेख बसवली होती. ती कोणीही ऐकली नाही.