पटले सरांचं नियोजन

पटले सर सोमवारी शाळेत आले की हजेरी पुस्तकात सही करायच्या आधी लेकीची उंची सांगत. "अर्धं बोट वाढली, मॅडम!" परी पाच वर्षांची, एकुलती एक. दिवाळीच्या सुट्टीत तिला हैदराबादकडच्या एका थीम पार्कात न्यायचं, हे त्यांनी मार्चमध्येच ठरवलं होतं. तिथल्या सर्वांत उंच झुल्यात बसायला ठरावीक उंची लागते, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं आणि तेव्हापासून दर रविवारी ते पोरीला दाराच्या चौकटीला टेकवून मोजू लागले.

कोहमाऱ्याजवळची आमची चार शिक्षकांची शाळा. मधल्या सुट्टीत सर टेबलावर कागद पसरून बसत. गोंदियाहून गाडी, बल्लारशाहला बदल, नऊ वाजता फाटक, नऊ चाळीसला लघवी, दहाला पहिला झुला. "बिननियोजनाचा माणूस म्हणजे बिनदाव्याचा बैल," हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या माणसाची पाठ टाचणाची वही वर्षभर कोरी असे, त्याच्या तोंडून ते ऐकताना चहा माझ्या घशात अडकायचा.

पार्कात रांगा लांब असतात, म्हणून परीला सराव हवा होता. एका शनिवारी त्यांनी वाचनाचा तास सोडून चौथीची पोरं उन्हात रांगेत उभी केली आणि शेवटी मुद्दाम घरून आणलेल्या परीला, पाठीवर पिशवी देऊन. बऱ्याच वेळानं एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, रांगीच्या पुढं काय आहे जी?"

"काही नाही. चुपचाप उभी राय."

मी पोरांना सावलीत बोलावलं. सर तणतणत आले. "काऊन मॅडम, माह्या कामात टांग अडवून राहिल्या?"

"तुमचं काम आत फळ्यावर आहे, सर," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. न कळण्याची त्यांना देणगीच होती.

दिवाळीत मी त्यांच्याबरोबर पार्कात गेले ती सुनीता वहिनींमुळे, म्हणजे त्यांच्या बायकोमुळे. त्या म्हणाल्या, "तुम्ही चला ना मॅडम. माहं तं हे ऐकतच नाही." नवऱ्याच्या दौऱ्याला बाई साक्षीदार शोधत होती, हे मला नंतर उमगलं.

पार्कात शिरल्यापासून सर कागद हातात धरून पळत होते आणि परी त्यांच्यामागे फरफटत होती. कारंज्यापाशी ती थांबली तर ओरडले, "हे आपल्या यादीत नाही!" अखेर तो उंच झुला आला. फाटकावर उंचीची पट्टी होती आणि तिथं एक तरुण मुलगी उभी होती. परीचं डोकं रेषेला बरोबर टेकलं. सर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघू लागले. पण ती मुलगी खाली वाकली. "बेटा, जूते निकालो."

परी जमिनीवर बसली. तिनं बूट काढले, आतले पुठ्ठ्याचे घडी केलेले तुकडे एकेक करून बाहेर काढले आणि शहाण्या लेकरासारखे फाटकावरच्या मुलीच्या हातात ठेवले. "हे बाबानं टाकले," ती म्हणाली.

मागची रांग हसली. सर लालेलाल झाले. "एवढ्याशा फरकानं काय होते? गोंदियाहून आलो आमी!"

"सर, फरक बेल्ट का है," ती शांतपणे म्हणाली. "बच्ची को पकड़ेगा नहीं."

खाली पडलं असतं लेकरू. तेवढं तरी ऐकून बाप थिजायला हवा होता. पण सर परीकडे वळले. "आठ महिने झाले! तुले एवढं वाढता नाही आलं?"

परी अनवाणी टाचा उंचावून उभी राहिली. "वाढून राहिली ना, बाबा," ती म्हणाली. "वाढूनच राहिली."

वहिनींनी तिला उचललं आणि मागे न बघता चालू लागल्या. आम्ही तिघी झाडाखालच्या बाकावर दुपारभर बसून राहिलो. आणि सर? तिकिटं फुकट जातील म्हणून उरलेले झुले एकटेच झुलले. संध्याकाळी आले तेव्हा कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. परी झोपेतून उठली, "बाबा आले!" म्हणून धावली आणि त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनीही तिला घट्ट धरलं. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या प्रेमाला डोळे नव्हते, एवढंच.

पुढच्या वर्षी त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. निरोपाला सगळे गोड बोलले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी उठले नाही. समोसे संपल्यावर सर माझ्यापाशी आले. आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"मॅडम, पोरगी तं तवाच विसरून गेली. तुमी अजून राग धरून बसल्या."

"हो, सर," मी म्हटलं. "तिच्या बाजूनं कोणीतरी धरायला पाहिजे."