कोंड्याचं मेण आणि पवळ्या

आमच्या प्लांटमध्ये ज्वारीच्या कोंड्यातून तेल निघतं वाटीनं, मेण निघतं चिमटीनं. किस्से मात्र पोत्यानं!

जर्मनीत शिकून मी रेणापूरला परत आले ती एकाच ध्यासानं. जो कोंडा आपण गुरांपुढे टाकतो, त्यात फळांवर चढवायचं उत्तम मेण आहे. ते इथंच काढायचं. बाबांनी शेतातली शेड दिली आणि बजावलं, "दिवाळीपर्यंत एक तरी ऑर्डर आण. न्हाई तर कुलूप!" ऑपरेटर म्हणून मिळाले माझे सख्खे मामा, विठ्ठलमामा.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर आलेख काढून समजावलं, "मामा, कार्बन डायऑक्साइडला भरपूर दाब आणि थोडी ऊब दिली की तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. कोंड्यात शिरतो आणि तेल, मेण घेऊन बाहेर पडतो."

"म्हंजी जावई! ना पाव्हणा, ना घरचा. पर जाताना घिऊन जातो!"

मी आलेख पुसला.

हा दाब सोसणाऱ्या टाकीची प्रेशर टेस्ट घ्यायला पुण्याहून इंजिनिअर यायचा होता. त्याआधी मामांनी पूजा केली आणि नारळ थेट टाकीवरच हाणला.

"नारळ फुटला, टाकी न्हाई. टेस्ट पास! त्या इंजिनिअरला म्हणावं, आता नुस्तं खोबरं खायला ये."

तेल काढलेला कोंडा शेजारच्या गयाकाकूंच्या म्हशीला जायचा. एक दिवस काकू चरवी घेऊन दारात हजर!

"पोरी, तू कोंड्यातलं तेल काढाय लागलीस, अन् हिकडं माझ्या दुधाची साय गेली!"

"काकू, मी तपासून बघते."

"तपासती काय? मशीन उलटी फिरव!"

शेवटी नांदेडचे एक मोसंबीचे व्यापारी माल बघायला तयार झाले. कित्येक आठवड्यांचं मेण मी एका डब्यात जपून ठेवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब छोट्या कारमधून आले. मी डबा उघडला. रिकामा!

"मामा, मेण?"

"ते व्हय? काल बैलांच्या शिंगांना लावलं. लई झ्याक चमकतंय!"

मी डबा उलटा करून आपटून पाहिला. साहेब मात्र सरळ गोठ्यात गेले. आमच्या पवळ्या बैलाच्या शिंगावरून बोट फिरवलं, रुमालानं घासलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मोत्यासारखं घरंगळलं.

"माल पसंत आहे, मॅडम. पण लॅबनं पास केल्याशिवाय ऑर्डर देता येत नाही. सॅम्पल सोबत न्यावंच लागेल."

मी काही बोलायच्या आत मामांनी दावं सोडलं आणि कारचं मागचं दार उघडलं.

"पवळ्याला न्या, साहेब. त्याला गाडी लागत न्हाई!"