मागची बाई

उजव्या हाताचा द्रोण करून कानामागे धरायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "मागच्या बाईले ऐकू आलं का?" ही त्यांची सवय. लग्नात कोणी उखाणा घेतला तरी विचारायचे. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना त्यांनी उठून विचारलं. अध्यक्षांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्यांना ते बरेच दिवस कळलंही नाही.

आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन घरं सोडून ते राहायचे. नोकरी रेल्वेत, मूळ गाव विदर्भात, आणि उभी हयात रायपुरात. मी त्यांना भाऊ म्हणायची. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यांनी नाटकाचं खूळ घेतलं. आमच्या मंडळात दरवर्षी एक विनोदी नाटक बसायचं, त्यात नवरा कपाटात लपायचा आणि सगळे हसायचे. भाऊंनी दोनदा तो नवरा केला आणि मग हात जोडले. "आता कपाटातून बाहेर येतो," म्हणाले.

आणि आले ते थेट रायपूरजवळच्या बीरगांवच्या पलीकडच्या एका खेड्यात. उन्हाळा लागला की आमची मंडळी लेकीसुनांकडे नागपूर-पुण्याला पळत, हा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून उलट्या दिशेने निघायचा. खेड्यात नाटकाचं शिबिर. मी शाळेत शिकवत होते, सुट्टीत मोकळी होते, शिवाय घरी शिलाईचं मशीन होतं. "ताई, तुमी कपडे पाहा, बाकी मी पाहतो," असं त्यांनी सांगितलं आणि मीही त्या खुळात सापडले.

शिबिर म्हणजे काय, तर गावातला कडुनिंबाचा पार, एक मडकं पाणी आणि दुपारी कामावरून परतलेल्या बायका. बहुतेक जणी कारखान्यात नाहीतर राईस मिलमध्ये जाणाऱ्या. कांद्याबरोबर बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खायची, तोंडावर पाणी मारायचं आणि पारावर यायचं. गावानं भाऊंना गुरुजी करून टाकलं होतं. त्यांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता, पण ते ऐकतो कोण.

माइकला त्यांची सक्त मनाई. त्याऐवजी त्यांचा एक नियम होता. तालमीला रोज एक बाई पाळीपाळीनं सगळ्यांत मागे, पार तळ्याच्या पाळीजवळ जाऊन बसायची. तिला ऐकू आलं नाही तर तिनं उठून ओरडायचं, "नइ सुनावत हे!" म्हणजे ऐकू येत नाही. ती ओरडली की नाटक थांबलंच पाहिजे. राजा असो की नवरी, मागे जाऊन ते वाक्य पुन्हा म्हणायचं. हाच नियम प्रयोगालाही लागू. त्या दिवशी मागे बसेल ती कुठलीही म्हातारी नाटक थांबवू शकायची. म्हाताऱ्या भलत्या वस्ताद. आवडलेलं वाक्य आलं की चांगलं ऐकू येऊनही ओरडायच्या, आणि सासूला शिव्या घालायचा एक प्रवेश तर पुढे सरकायचाच नाही. भाऊ खूश व्हायचे. म्हणायचे, "ताई, हा वन्स मोर आपल्या मंडळाच्या बापजन्मात नाही भेटला!"

या सगळ्यांत दुलारी ही त्यांची लाडकी. तिशीतली, काळीसावळी, राईस मिलमध्ये पोती शिवणारी. आवाज असा, की तळ्यापलीकडची गुरं मान वर करत. भाऊ तिला सगळ्यांत जास्त रागवायचे, यावरून ओळखावं.

नाटक त्या बायकांनीच रचलं होतं. त्या भागात कारखान्यांची काळी भुकटी उडते. अंगणातल्या पाण्यावर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते. नाटकातली बाई रोज उन्हात बरी घालते, म्हणजे आपले सांडगे, आणि संध्याकाळी उचलायला जाते तर ते काळे. सासू म्हणते तुझे हात घाण, नवरा म्हणतो तुझं नशीब घाण. शेवटी ती सूप उचलून लोकांसमोर धरते आणि म्हणते, "देख लव, मोर बरी करिया होगे!" माझी बरी काळी झाली, बघून घ्या. तिथे गाव पुढे सरकून सुपात डोकवायचं. सुपातली बरी आम्ही रंगवलेली नव्हती. दुलारीच्याच छपरावरून आणलेली असायची.

मग नवा रायपूर या नव्या राजधानीत होणाऱ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. ग्रामीण कला, लोकरंग, अशी काहीतरी लांबलचक पाटी होती. भाऊंनी सरळ नाही म्हटलं. "तिथं मागची बाई कुठं बसन?" त्यांचा सवाल. पण दुलारी हटून बसली. "गाँव वाले मन त जानतेच हें गुरुजी, साहेब मन घलो सुनैं।" गाव तर जाणतंच, साहेबांनीही ऐकू दे. शेवटी भाऊंनी होकार कळवला. तिचं म्हणणं खरंच होतं. भुकटी काय गावाच्या ऐकण्यानं थांबणार होती?

आम्ही गेलो. भर दुपारी बायकांना पोशाख करून मंडपामागे उभं केलं, कारण पाहुणे केव्हाही येतील. पाहुणे ऊन कललं तेव्हा आले. मग गळ्यात ओळखपत्र घातलेला एक अधिकारी भाऊंकडे आला. बोलायला अतिशय गोड. म्हणाला, "सर, इनकी बोली सबको समझ नहीं आएगी। आवाज़ हमने रेकॉर्ड करवा ली है। ये लोग बस एक्शन करते रहें।"

"और बोलेगा कौन?"

"सिस्टम बोलेगा, सर।"

भाऊ वळले. मंडपाच्या कडेनं चालत चालत मागे गेले, सोफे ओलांडले, खुर्च्या ओलांडल्या, आणि बांबूच्या कठड्यापलीकडे खेड्यांतून आणून बसवलेल्या लोकांत जाऊन उभे राहिले.

मी विंगेत होते. पडद्यामागून एका बाईचा शहरी, मुलायम आवाज सुरू झाला. छत्तीसगढ़ की मेहनती नारी, उसके हाथों का स्वाद, वगैरे. आमच्या बायका गोंधळल्या, पण हातांना सवय होती, त्या करत गेल्या. दुलारी सूप घेऊन पुढे आली आणि तेवढ्यात मागून, त्या अजस्र स्पीकरांच्या वरताण आवाज आला.

"नइ सुनावत हे!"

दुलारी थांबली. नियमच होता तो. पाय जागच्या जागी रोवून ती दूर कठड्याकडे बघत राहिली. तो रेकॉर्ड केलेला आवाज मात्र कोणासाठी थांबणार! विंगेतून अधिकारी हात हलवत होता, "चलते रहो, चलते रहो!" भाऊ पुन्हा ओरडले. तिनं एकदा अधिकाऱ्याकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मग हळूच सूप उचललं आणि ओठ मिटून लोकांसमोर धरलं. त्या काळ्या बरीला स्पीकर म्हणाला, "शुद्ध, पारंपरिक, घर की बनी बड़ी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेला लागूनच्या पहिल्या सोफ्यावरचे एक साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "पैकिंग अच्छी हो जाए तो बाहर भी बिकेगी।" मी ते या कानांनी ऐकलं.

परतताना बसमध्ये भाऊ एकटे पुढे बसले. दुलारी माझ्याजवळ, सूप मांडीवर. बायकांना सोडायला बीरगांवला उतरलो तेव्हा भाऊ मला म्हणाले, "ताई, मले काही ऐकू आलं नाही." तिला काहीच म्हणाले नाहीत. ती "गुरुजी" म्हणून दोन पावलं त्यांच्या मागे गेली, तेव्हा त्यांनी पंचा डोक्यावर घेतला आणि चालू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिर झालं नाही. बायकांना बोलावणी येत राहिली. दुलारी गेली. आता सूप रंगवलेलं होतं, बरी पांढरीशुभ्र, दुकानातून आणलेली, आणि बायका आवाजाबरोबर ओठही हलवायला शिकल्या होत्या. मी तिला एकदा बाजारात गाठून बोलले. ती म्हणाली, "का करबों दीदी, गुरुजी त आबे नइ करिन।" काय करू, गुरुजी आलेच नाहीत. मला तिचा राग आला होता, पण त्या दिवसापासून मला भाऊंचा राग येऊ लागला. त्यांनी त्या पोरीला एकदा तरी विचारायचं होतं, काहून केलं म्हणून. पण ते आपले कूलरसमोर बसून राहायचे. कानामागे हात धरणंही सोडलं होतं. मी नाव काढलं की म्हणायचे, "सोडा ना ताई." गेल्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, ऐन लू वाहत असताना, ते बसल्या खुर्चीतच गेले.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. हॉल एवढासा, कुजबुजलं तरी ऐकू येतं, तरी दोन्ही बाजूंना मोठाले स्पीकर. ज्यांनी ते खेडं नकाशावरही पाहिलं नव्हतं ते भाऊंच्या ग्रामसेवेवर बोलले. अबोला धरलेले अध्यक्ष तर रडलेसुद्धा. प्रमुख पाहुणा म्हणून कोणाला बोलवावं? त्याच अधिकाऱ्याला. तो उठला, फोटोला हार घातला, माइकवर बोट आपटलं आणि म्हणाला, "पीछे तक आवाज़ आ रही है?"

"नइ सुनावत हे!"

सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, दुलारी उभी होती. मिलमधून तशीच आली असावी, केसांवर भाताचा कोंडा होता. अधिकारी हसला, त्यानं खूण केली, साउंडवाल्यानं आवाज वाढवला. "रंगमंच के सच्चे सेवक..."

"नइ सुनावत हे!"

आवाज आणखी वाढला, स्पीकर शिट्टी मारू लागला. अध्यक्ष धावत तिच्याकडे गेले. "बैठिए दीदी, सबको सुनाई दे रहा है।" ती बसली नाही. तिसऱ्यांदा ओरडली. मीही उठून उभी राहिले. आता आमच्याकडे कोणी बघत नव्हतं.

भाषण थांबलं नाही. चांगलं लांबलं. दुलारी मात्र ते संपेपर्यंत तशीच उभी होती, हार घातलेल्या फोटोकडे बघत, उजव्या हाताचा द्रोण कानामागे धरून.