चपलांच्या खोक्यातलं पिंजर

नाताळची तयारी कशी करायची, हे आमच्या घराण्यात तीन पिढ्या पक्कं ठरलेलं होतं. डिसेंबर लागला की करंज्या, चकल्या, शेव, चिवडा. शेजारीपाजारी झाकलेली ताटं पोचवायची. दिवाळीनंतर माळ्यावर ठेवलेला चांदणीचा आकाशकंदील पुसून दारात टांगायचा. आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतली गाणारी माणसं ढोलकी-पेटी घेऊन दारात आली की त्यांची गाणी ऐकून त्यांना चहा पाजायचा. यात काही कमी आहे असं कोल्हापुरात कुणालाच कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं. कारण मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आणि दुसऱ्याचं काय चुकतंय हे हुडकायची सवय त्या नोकरीबरोबरच मिळते.

निमित्त झालं महिला मंडळातल्या एका व्याख्यानाचं. पुण्याहून आलेल्या बाईंनी आम्हाला आगमनकाळ समजावून सांगितला. नाताळच्या आधीचे चार रविवार, शांतपणे वाट पाहण्याचे. "नाताळ म्हणजे फराळ नव्हे, भगिनींनो," असं म्हणत त्यांनी आमच्या तिसऱ्या चकलीला हात घातला. जाताना प्रत्येकीला झेरॉक्सचा एक कागद दिला. 'लहान मुलांसोबत घरी पाळायच्या परंपरा.' माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि मुलगा पाच. परंपरा ही जुनी गोष्ट असते आणि आपण ती येत्या रविवारपासून सुरू करतोय, यातली गंमत मला त्या वेळी दिसली नाही.

पहिली परंपरा चार मेणबत्त्यांची. दर रविवारी एक लावायची, एक आशेची, एक शांतीची, मग आनंदाची, मग प्रीतीची. दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. पहिल्या रविवारी आम्ही आशा लावली, प्रार्थना केली, मुलं चक्क दीड मिनिट गप्प बसली. मंगळवारी वीज गेली आणि माझ्या नवऱ्याने आशेच्या उजेडात अख्खा पेपर वाचून काढला. शांती गुरुवारी भाकरी थापताना संपली, आनंद आणि प्रीती शनिवारच्या अंधारात. दुसरा रविवार उजाडायच्या आत आमच्या घरातला आगमनकाळ आटोपलेला होता. शांतपणे वाट पाहायची तर आमचं सगळं शहरच पाहत होतं, पण ती वीज मंडळाची.

मग मी कागदावरच्या दुसऱ्या परंपरेकडे वळले. एक रिकामी गव्हाणी ठेवावी. मुलाने एक चांगलं काम केलं की त्याने तिच्यात गवताची एक काडी घालावी. अशा रीतीने नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाळ येशूसाठी मऊ अंथरूण तयार होतं, आणि घरातल्या सर्वात धाकट्याने त्यावर बाळाला निजवावं. वाचून माझा ऊर भरून आला. गव्हाणी म्हणून मी नवऱ्याच्या नव्या चपलांचं खोकं घेतलं.

"देवाच्या लेकराला चपलांच्या खोक्यात घालतीस व्हय?" नवरा म्हणाला.

"त्याचा जन्म गोठ्यात झाला होता," मी म्हटलं.

"गोठ्यातच झालता की. दुकानात न्हाय."

बाळ आम्ही गणपती करणाऱ्या एका कुंभाराकडून करून घेतलं. "पावणं, हात किती करू?" असं त्याने नवऱ्याला आधीच विचारून घेतलं म्हणून दोनच आले. पोट मात्र त्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे आलं आणि रंगही तोच गुलाबी. वीतभर लांबीचं ते गुटगुटीत बाळ मुलांना फारच आवडलं. मुलगा त्याला रोज कपाटातून काढून बघायचा आणि परत ठेवायचा.

राहिलं गवत. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे मावशींचा गोठा होता. मावशी म्हणजे साठीच्या, पाच म्हशी एकट्या सांभाळणाऱ्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं आज कुठली म्हैस रुसलीय. मी त्यांच्याकडे थोडं पिंजर मागितलं, म्हणजे भाताचं वाळलं गवत. देवासाठी हवंय म्हटल्यावर त्या थांबल्या.

"तुमच्या देवाकडं बी म्हशी हाईत व्हय, बाई?"

मी त्यांना सगळी पद्धत शिकवली. चांगलं काम केलं तर काडी, नाही केलं तर नाही.

"आन पोरांनी न्हाई केलं तर त्या बाळाचं काय?"

"त्याला टोचेल," मी म्हटलं.

"लय कडक हाय की तुमचं," असं म्हणून त्यांनी एक अख्खी पेंढी माझ्या अंगावर टाकली. मी ती कपाटावर उंच ठेवली, कारण चांगुलपणाचा साठा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

खोक्याच्या मध्यावर मी स्केचपेनने रेघ मारली. डोक्याची बाजू मुलीची, पायांची बाजू मुलाची. शिक्षिकेच्या घरात स्पर्धेशिवाय भक्ती कशी वाढणार?

आणि घरात चांगुलपणाचा नुसता पूर आला. मुलगी सकाळी उठल्या उठल्या वडिलांचा चष्मा शोधून द्यायची. रोज. चार दिवसांनी नवऱ्याच्या लक्षात आलं की चष्मा आजकाल रोजच हरवतोय, आणि तोही तांदळाच्या डब्यात. मुलाचं डोकं वेगळं चाललं. बहिणीची माफी मागितली तेव्हा मी त्याला एक काडी दिली होती. त्याने त्यातून पद्धत बसवली. आधी वेणी ओढायची, मग माफी मागायची, मग माझ्यापुढे हात करायचा. मी नियम काढला की माफीला काडी नाही. मग नियम काढला की हरवलेलं शोधण्याला काडी नाही. मग आणखी एक की केलेलं चांगलं काम स्वतःच्या तोंडाने सांगायचं नाही, तो गर्व. त्यावर मुलगा म्हणाला, "मग तुला कळणार कसं?" मी त्याला उद्धट म्हटलं.

चष्म्याचा धंदा बसला तरी मुलीची बाजू वाढत राहिली. तिला लोकांना दिसेल असं चांगलं वागायची कला जन्मजात होती, माझ्याकडून आलेली. मुलाच्या बाजूला पाचसात काड्या जेमतेम. त्या त्याने खऱ्याखुऱ्या मिळवल्या होत्या. एकदा तर गल्लीतल्या कुत्रीला आपली अर्धी करंजी दिली होती, तीही कडेकडेची नव्हे, सारणाची. पण भाताचा डबा उलटणं, पाटी फोडणं, शेजारच्या पोराला चावणं हेही चालूच होतं.

एके दिवशी तो माझ्याकडे आला. "मम्मी, ताई म्हणती माझ्यामुळं बाळाचे पाय गारठणार. खरं हाय?"

नाही रे बाळा, एवढं म्हणायचं होतं. दोन सेकंदांचं काम. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "म्हणून तर चांगलं वागायचं असतं."

नाताळला आठ दिवस राहिले असताना मी शाळेतून आले तर खोक्यात मुलाची बाजू काठोकाठ भरलेली. कपाटाखाली स्टूल, पेंढी विस्कटलेली, पिंजराच्या कुसांनी त्याचं डोकं भरलेलं.

"किती चांगली कामं केलीस रे एका दुपारी?" मी विचारलं.

"एक बी न्हाय."

"मग?"

"त्येचे पाय उघडे व्हते," तो म्हणाला.

आज त्या उत्तराला मी काय देईन आणि काय नाही. त्या दिवशी माझ्यातल्या बाईंना फक्त कॉपी दिसली. मी त्याची बाजू मुळापासून उपसून बादलीत ओतली. कुत्रीच्या करंजीची काडीसुद्धा.

"आधीच्या माझ्या व्हत्या की," तो म्हणाला.

"कॉपी सापडली की सगळा पेपर रद्द," मी म्हटलं. आणि ती बादली त्यालाच उचलायला लावून मावशींच्या म्हशींपुढे ओतून यायला सांगितलं. तो रडला नाही. बादली त्याच्या गुडघ्यावर आपटत होती.

"पाच वर्षांचा हाय ग त्यो," रात्री नवरा म्हणाला.

"म्हणूनच. वळण आत्ताच लागतं."

आणि लागलंच की वळण. त्या दिवसापासून मुलगा एकदम शांत झाला. ना चावणं, ना सांडणं. चांगलं कामही करेना, काडीही मागेना. शाळेतून आला की मावशींच्या गोठ्यात जाऊन उकिडवा बसायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. खोक्याकडे बघायचासुद्धा नाही. मी रविवारी महिला मंडळात सांगितलं की आगमनकाळ पाळल्यापासून माझ्या मुलात केवढा फरक पडला. दोघीतिघींनी माझ्याकडून कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी गाणारी मंडळी दोन घरं पलीकडे आली होती, ढोलकी ऐकू येत होती. मी नवी साडी नेसून, खोकं टेबलावर मांडून, भोवती मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मेंढपाळ म्हणून उभे केले होते. त्यांच्या हातातल्या तलवारींना कापूस गुंडाळला होता. आता बाळ आणायचं म्हणून कपाट उघडलं तर बाळ नाही. मी आधी मुलीला धरलं, वस्तू लपवण्यात तिचा हातखंडा. ती शपथा घेऊ लागली. तांदळाचा डबा उपसून झाला. मुलगाही घरात नाही हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "ओ बाई! तुमचा देव आमच्या गव्हाणीत हाय! म्हशीनं चाटला बघा त्येला!"

मी पदर खोचून गेले. गोठ्यातल्या सिमेंटच्या लांबट गव्हाणीत, ढीगभर पिंजरात बाळ निजलं होतं, पाय नीट झाकलेले. पोटावरचा गुलाबी रंग एका बाजूने गेला होता. म्हैस शेजारी रवंथ करत होती. मुलगा पुढ्यात उकिडवा बसला होता. मला बघून तो उठून बाळाच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला.

"तू आणलंस इथं?"

"व्हय."

"का?"

"घरात अंथरूण न्हाय."

"ताईच्या बाजूला आहे की रे."

"आन पाय कुठं ठेवायचं त्यानं?"

त्याला आता सांगायचंच होतं. आठ दिवस तो हेच बघत बसला होता.

"हितं मावशी सगळ्यांस्नी पिंजर घालती. त्या कडंच्या म्हशीनं काल लाथ मारली, चरवी सांडली, सगळं दूध गेलं. मावशीनं लय शिव्या दिल्या. तरी बी घातलं तिला. मी बघितलंय. हितं कुणी इचारत न्हाय, काय केलंस म्हणून."

मावशी दारात उभ्या होत्या. "जनावराला काय इचारायचं त्यात," त्या म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

मला लाज वाटली. इतकी की त्या शेणातच मी खाली बसले, नव्या साडीसकट. इतके दिवस मी माझ्या मुलाला शिकवत होते की देवाच्या बाळाची ऊब त्याच्या वागण्यावर अवलंबून आहे. आणि तो हे शिकलाही होता. मी घाईघाईने भिंतीशी ठेवलेली एक पेंढी ओढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे. ही सगळी तुझी. आपण बाळाला घरी नेऊ, सगळं खोकं भरू, पाय झाकू."

तो पेंढीकडे बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडे. माझ्या वर्गातली पोरं बघतात तसा, प्रश्नात काही खोच तर नाही ना म्हणून.

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

"कशाबद्दल नाही. असंच."

"असंच न्हाय देत."

"देतात रे. मीच चुकले होते." मला रडू आलं होतं. आमच्या दारात ढोलकी वाजायला लागली होती आणि नवरा मला हाका मारत होता.

मुलाने बराच विचार केला. मग पेंढीतून एक काडी उपसली, एकच, आणि नीट मुठीत धरली.

"मी मघाशी तुला खरं सांगितलं, त्याची ही," तो म्हणाला, आणि बाकीची पेंढी त्याने माझ्या मांडीवर परत ठेवली.