बेचाळीस पालथ्या थाळ्या

ज्या विधात्याने हत्तीला सोंड दिली, माशाला कल्ले दिले आणि पाखराला पंख दिले, त्यानेच डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा जीवांना भूक दिली. हात नाही, पाय नाही, तोंड शोधू गेले तर सापडत नाही. पण भूक मात्र द्यायला तो विसरला नाही. त्या भुकेची विचारपूस करायला रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दमयंती रहाटे नावाची गृहिणी बीएस्सीच्या पहिल्या वर्षात जाऊन बसली.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवले.

"ताई, मुलीच्या ॲडमिशनला आलात का?"

"मुलगी लागली हो नोकरीला, पुण्यात. मी माझ्याच ॲडमिशनला आले."

त्याने कागद दोनदा वाचला, एकदा उलटून पाहिला आणि मग स्टुलावरून चक्क उठून उभा राहिला. "जावा आत," म्हणाला.

कारण घडले होते कोकमाच्या सरबताचे. दमयंतीबाई घरी सरबत करून बाटल्या भरीत आणि ओळखीपाळखीच्यांना देत. एका मे महिन्यात फडताळातल्या अकरा बाटल्यांची बुचे एकामागून एक उडाली, भिंत लाल झाली, मांजर माळ्यावर चढून बसले ते संध्याकाळपर्यंत उतरले नाही. बाईंनी बाटल्या धुतल्या होत्या, वाळवल्या होत्या, साखर नीट मोजली होती. मग आत शिरले कोण? त्यांचे यजमान प्रमोद मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पाळी संपवून आले, तरी बाई बुचे हातात घेऊन तोच प्रश्न विचारीत होत्या. प्रमोद चहा पिता पिता म्हणाले, "बारावी सायन्स झालीयेस ना तू? मग जा की कॉलेजात, विचारून ये कोण शिरलं ते." त्यांनी थट्टा केली, बाईंनी तो आदेश मानला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गुणपत्रिका ट्रंकेच्या तळातून निघाली, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात, खिडकीशेजारच्या बाकावर, नाटे गावच्या शमिकाच्या बाजूला त्यांना जागा मिळाली.

शमिका अठरा वर्षांची, मच्छीमाराघरची, जिभेला सुटी ठाऊक नसलेली. "काकू, तुम्ही वहीला कव्हर घालता? आम्ही चौथीत असताना घालायचो," अशी तिची पहिली सलामी. पण तिसऱ्या आठवड्यात, दह्याचा थेंब काचेवर पसरून, वाळवून, रंगवून दमयंतीबाईंनी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, आणि पुढची दहा मिनिटे हलल्याच नाहीत, तेव्हा शमिकाच गप्प झाली.

"काय दिसतंय, काकू?"

"दर्शन होतंय गो," बाई डोळा न काढता म्हणाल्या. "थांब जरा. रांगेत ये."

तेव्हापासून त्यांना प्रयोगशाळेची गोडी लागली. बाटल्यांत शिरले होते ते यीस्ट, हेही त्यांना तिथेच कळले. पहिले जांभळे, मग आयोडीन, मग अल्कोहोलची आंघोळ, मग गुलाबी: ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाने काढलेल्या रंजनाचे चार टप्पे त्या घरी कणीक मळताना पुटपुटत. जांभळा राहिला तो एका गोत्राचा, गुलाबी झाला तो दुसऱ्याचा. स्पिरिटचा दिवा त्या कधी फुंकून विझवीत नसत, त्याच्यावर टोपी ठेवीत. ते त्यांना शिकवावे लागलेच नाही, देवघरातल्या दिव्याला आयुष्यात त्यांनी कधी फुंकर घातली नव्हती. तारेचे टोक ज्योतीत लालबुंद होईतो धरायचे, गार होईतो थांबायचे, मगच जीवाला स्पर्श करायचा. एवढे अदबशीर शास्त्र आपल्याला इतकी वर्षे कुणी सांगितले कसे नाही, याचेच त्यांना नवल वाटे.

एकच धास्ती होती. ही पोरे आपल्याला हसू नयेत. या वयात बाईला कशाला हवे शिक्षण, असे कुणाच्या तोंडून नुसते निसटले असते, तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. म्हणून त्या कधी उशिरा येत नसत, शंका चारचौघांत विचारीत नसत, आणि वही सगळ्यांच्या आधी देत. वर्षभरात एकदाही कुणी हसले नव्हते. ही त्यांची मिळकत होती, आणि ती त्या फार जपत होत्या.

मार्च आला, शिमगा आला. लांज्याकडच्या सासरगावी ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ती अंगणात येते तेव्हा घरच्या सुनेने तिथे नसणे ही कल्पनाच त्या घरात कुणी कधी केलेली नव्हती. पालखी आली, नाचली, ओटी भरली गेली. सोमवार, मंगळवार दोन तास बुडाले. आणि नेमके त्याच दोन दिवसांत वर्गात पहिल्यांदा थाळ्या आल्या. तोवर सगळे काम काचपट्ट्यांवर आणि नळ्यांमध्ये चालले होते. आता तळहाताएवढ्या गोल, झाकणाच्या थाळ्या. त्यांत अगार, म्हणजे समुद्री शेवाळातला थिजवणारा पदार्थ, घालून शिजवलेले, थिजवलेले सूक्ष्मजीवांचे खाद्य. आणि त्या खाद्यावर तारेने ओढलेल्या रेघा. रेघ ओढता ओढता जीव विरळ होत जातात, शेवटच्या रेघेवर एकेकटे पडतात, आणि प्रत्येकाची टिकलीएवढी वेगळी वसाहत वाढते. शनिवारी बाहेरून परीक्षक येणार होते. प्रत्येकाने आपल्या थाळीतली एक सुटी वसाहत उचलून त्यांच्यासमोर रंगवून दाखवायची होती.

मंगळवारी दुपारी पालखी पुढच्या वाडीला गेली आणि दमयंतीबाईंनी एसटी धरली. घरी न जाता थेट कॉलेज गाठले. विद्यार्थी गेले होते, श्रद्धा मॅडम सभेला गेल्या होत्या. प्रयोगशाळेत होते फक्त काशीराम. तीस वर्षे याच खोलीत परिचर, जूनमध्ये निवृत्ती. त्यांच्या नावावर आजवर लेखी तक्रार एकही नव्हती.

"वहिनी! पालखी झाली?"

"झाली हो, छान नाचवली. ह्या घ्या पुरणपोळ्या. माझी थाळी राहिली ना?"

"ठेवलीय फ्रीजमध्ये. करा तुमचं. मी पंप चालू करून येतो, टाकीत पाणी नाय."

बाईंनी हात धुतले, दिवा लावला, तार तापवली, शमिकाने फोनवर सांगितले होते तशा रेघा ओढल्या. मग आपली थाळी ठेवायला त्यांनी उबवणीचे कपाट उघडले आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

आत बेचाळीस थाळ्या होत्या, आणि एकूण एक पालथ्या.

त्यांच्या घरात भरले ताट कधी कुणी पालथे घातले नव्हते. सासूबाई सांगत, पालथे ताट म्हणजे जेवणारा उरला नाही. आणि इथे तर साक्षात जेवणारे आत बसलेले! कोट्यवधी जीवांपुढे पान वाढलेले आणि ते पान जमिनीकडे तोंड करून टांगलेले. पोरे घाईत, घरी जायच्या गडबडीत. ठेवली असतील कशीतरी. बाईंचे मन कळवळले. त्यांनी एकेक थाळी दोन्ही हातांनी उचलली आणि सुलटी केली. पहिली, दुसरी, दहावी, विसावी, बेचाळिसावी. त्रेचाळिसावी स्वतःची. मग कपाट हळूच लोटले, आणि मनातल्या मनात जेवणाआधीचा श्लोकही म्हटला.

बुधवारी वर्ग जमला. थाळ्या बाहेर आल्या, आणि खोलीत कुजबुज उठली. सुटी टिकली एकीतही दिसेना. सगळीकडे चिखल झालेला. वसाहतीत वसाहत मिसळून पांढरट साय पसरलेली, झाकणांना आतून थेंब लोंबलेले.

श्रद्धा मॅडम वयाने दमयंतीबाईंहून दहा वर्षांनी लहान, पण आवाज खाली आला की सगळी खोली ताठ बसे. तो आवाज आता खाली आला.

"काशीरामभाऊ, काल मी या पालथ्या ठेवून घेतल्या होत्या. सुलट्या कुणी केल्या?"

"चावी माझ्याकडंच असते, मॅडम."

"मी चावीचं नाही विचारत. तुम्ही केल्या?"

काशीरामनी वरच्या पंख्याकडे पाहिले. "तसं धरा."

"तसं धरा म्हणजे? सगळ्या वर्गाचं काम गेलंय, शनिवारी परीक्षक येतायत. मला प्राचार्यांकडे लेखी द्यावं लागेल, कळतंय का तुम्हाला?"

"द्या, मॅडम."

खिडकीशेजारच्या बाकावर दमयंतीबाईंनी वही मिटली. काशीरामना ठाऊक होते. काल कोण आले होते, कपाट कुणी उघडले होते, सगळे ठाऊक होते; आणि तीस वर्षांचा कोरा कागद त्यांनी मुकाट्याने पुढे सरकवला होता. दोन क्षण होते. त्या दोन क्षणांत गप्प बसता येत होते. वर्षभराची मिळकत मुठीत राहिली असती, आणि मूठ उघडून पाहायला कुणी आले नसते.

बाई उभ्या राहिल्या. बाकाचा पाय फरशीवर करकरला.

"मॅडम, त्यांनी नाही. मी केल्या."

"तुम्ही? ताई, तुम्ही कशाला?"

"अन्नाची थाळी पालथी बघवली नाही मला."

शमिकाला आवरेना.

"अगो बाय! काकूनं बॅक्टेरियांना जेवायला वाढलंन!"

हशाचा लोंढाच फुटला. मागच्या बाकावरून ओमकार ओरडला, "काकू, श्लोक म्हटलात का?"

दमयंतीबाईंना खोटे बोलता येत नसे. "मनात म्हटला," त्या म्हणाल्या.

मग तर पोरांनी बाकांवर डोकी टेकली. ज्याला त्या वर्षभर भ्याल्या, ते हसू बाईंच्या चारही बाजूंनी उसळत होते, आणि त्या पदराचे टोक घट्ट धरून त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"पुरे!" मॅडम म्हणाल्या. त्यांच्याही ओठाचा कोपरा क्षणभर हलला होता, पण त्यांनी तो जागेवर आणला. "एवढं हसताय, तर सांगा मला. पालथ्या का ठेवायच्या? ओमकार?"

ओमकार उभा राहिला. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

"शमिका?"

"तसंच असतं ना, मॅडम."

"अजून कुणी?"

बेचाळिसांतले एकही डोके वर झाले नाही. श्रद्धा मॅडम टेबलाला टेकल्या. सोमवारचा तास त्यांनी मनात फिरवून पाहिला असावा, कारण पुढचे वाक्य त्या जरा हळू बोलल्या. "म्हणजे मीही सांगितलं नव्हतं. ताईंनी निदान एक कारण मनाशी धरून सुलट्या केल्या. तुम्ही काहीच न विचारता पालथ्या केल्यात. आज नवं खाद्य करायचं, उद्या पुन्हा रेघा. आणि ताई, शुक्रवारी याचं कारण वर्गाला तुम्ही सांगायचं."

त्या संध्याकाळी दमयंतीबाई काशीरामच्या हाताखाली राबल्या. चूर्ण तोलले, पाणी मोजले, फ्लास्कांना कापसाचे बोळे घातले आणि ते निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले.

"शिट्ट्या किती करायच्या?"

"वहिनी, ह्यो कुकर नाय. काटा बघायचा, पंधरावर आला की वीस मिनटं."

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत, काशीरामभाऊ?"

"पोळ्या खाल्ल्या होत्या ना तुमच्या," ते म्हणाले, आणि काट्याकडे बघत राहिले.

गुरुवारी सगळ्यांनी रेघा ओढल्या. दमयंतीबाईंनी दोन थाळ्या मागून घेतल्या. हात एक, तार एक, जीव एकाच नळीतले. एक थाळी पालथी ठेवली. दुसरी, मन घट्ट करून, मुद्दाम सुलटी.

शुक्रवारी त्या दोन्ही थाळ्या घेऊन त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी सुलट्या थाळीचे झाकण प्रकाशात धरले.

"हे बघा. गरम भाताच्या टोपावर झाकण ठेवलं की आतून घाम धरतो, धरतो ना? इथंही तेच. ऊब लागली की खाद्यातली वाफ वर जाते, झाकणाला बसते, थेंब होतो. थाळी सुलटी असेल तर तो थेंब खाली पडणार, आणि एकाच्या घरातलं उचलून दुसऱ्याच्या घरात नेणार. सगळा गोंधळ. पालथी असेल तर पाणी झाकणात राहतं आणि जेवणारे वर कोरडे, आपापल्या जागी." त्यांनी दुसरी थाळी उचलली. शेवटच्या रेघेवर टिकल्या उमटल्या होत्या. गोल, सुट्या, मोजून चार. "जीव वर चिकटून बसतो, त्याला पडायचं भय नाही. मला वाटलं होतं ते उपाशी राहतील. नाही राहत हो. हे त्यांचं जेवायचं आसनच आहे."

यावेळीही पोरे हसली. पण हसता हसता वह्या उघडल्या गेल्या, आणि ओमकार पुढे येऊन झाकणावरचा थेंब नाकाशी नेऊन बघू लागला तेव्हा बाईच त्याच्यावर ओरडल्या, "मागे हो मेल्या! श्वास नको सोडूस थाळीवर!"

शनिवारची परीक्षा झाली. बाईंनी चारांतली एक टिकली उचलली, रंगवली, दाखवली. रंग थोडा फिका आला. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्याकडे वळले. प्रमोदना त्यांनी रात्री जेवताना सगळे सांगितले. प्रमोदनी भाताचा घास हातातच ठेवून विचारले, "म्हणजे सगळे हसले?" "हसले," बाई म्हणाल्या, "आणि मी तिथंच होते. काही झालं नाही मला."

जूनमध्ये काशीरामचा निरोपसमारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, प्राचार्यांनी निष्कलंक सेवेवर बराच वेळ भाषण केले. काशीराम बोलायला उभे राहिले, घसा खाकरला, आणि एवढेच म्हणाले, "तीस वर्षांत माझ्यावर कागद आला नाय. एक येणार होता, तो पालथ्या काकूंनी परतवलान."

सभागृहात प्राचार्यांना काही कळले नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दोन रांगा मात्र खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसल्या, आणि त्यांत सर्वांत मोठे, डोळ्यांत पाणी येईतो, दमयंती रहाटे हसल्या. नाव त्यांना तिथेच चिकटले. आता त्या दुसऱ्या वर्षाला आहेत. नव्या पोरी वऱ्हांड्यातून हाक मारतात, "ओ पालथ्या काकू, आमची थाळी बघता का जरा?" आणि त्या वळून म्हणतात, "आले गो. हात धुतलेस का आधी?"