ड्रॅमची खूण

बुऱ्हाणपूरच्या जनाना दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागले, तेव्हा या कामावर बाई असणं लोकांच्या पचनी पडत नव्हतं. नवरा गेल्यावर मी नागपूरला राहून परीक्षा दिली होती, त्यामुळे कागदावर सगळं ठीक होतं. पण खिडकीशी आलेला माणूस आधी माझ्या मागं कुणी पुरुष दिसतो का ते बघायचा.

त्या काळी बहुतेक औषधं आम्हीच बनवायचो. पूड खलायची, अर्क मापायचे, मिश्रण बाटलीत भरून बाहेरून मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी डकवायची. डॉक्टर चिठ्ठीवर जी खूण काढतील तेवढं माप घालायचं. उलट विचारायची पद्धत नव्हती. मी एकदाच विचारलं होतं. हिवतापावरच्या कोयनेलची मात्रा मला जास्त वाटली होती. आमच्या डॉक्टरीणबाई बायांच्या रांगेसमोर म्हणाल्या, "तुम्ही वाचायचं आणि करायचं. विचार करायला मी आहे." त्या वेळी बरोबर त्याच होत्या, म्हणून मला ते जास्तच लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. बाईंना दोन दिवस पाठ टेकायला मिळाली नव्हती. तशातच एका सकाळी निंबोला गावाहून अडलेल्या बाळंतिणीसाठी माणूस आला. टांगा दाराशी उभा असताना त्यांनी उभ्याउभ्याच राहिलेली पोरं तपासली, चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या गेल्या.

त्यातली एक चिठ्ठी बुधवारा पेठेतल्या एका गृहस्थांनी खिडकीतून आत दिली. ते कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची बायको ओसरीवरच्या बाकावर दीड वर्षाचा मुलगा मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे डोळे खोल गेले होते.

चिठ्ठीत अफूचा अर्क होता. लहान मुलाला तो दिलाच तर एखादा थेंब देतात. इथं थेंबाच्या खुणेच्या जागी ड्रॅमची खूण होती. एका ड्रॅममध्ये साठ थेंब. पहिल्याच मात्रेनं ते पोर झोपलं असतं आणि पुन्हा उठलं नसतं.

मी चिठ्ठी उजेडात नेऊन पाहिली. खूण स्वच्छ होती. आपल्याच मनानं एक थेंब घालावा असं वाटलं, पण चिठ्ठी बदलायचा मला हक्क नव्हता. आणि कोयनेलसारखी या वेळीही माझीच चूक असली तर? बाहेर काही बोलावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की डॉक्टरीण पोरांना विष लिहून देते. मग बाया दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या.

दवाखान्याच्या शिपायाला सायकल देऊन मी बाईंना गाठायला निंबोल्याला पिटाळलं. जवाचं पाणी उकळून, गार करून त्या बाईजवळ दिलं. "चमच्या-चमच्यानं पाजत राहा. उलटी झाली तरी थांबू नका."

"आणि दवा?" तिनं विचारलं.

"करते आहे."

तासाभरानं हेडक्लार्क पुन्हा खिडकीशी आले. "एका बाटलीला एवढा वेळ? तुम्हाला बनवता येत नसेल तर तसं सांगा. चिठ्ठी इकडे द्या, मी बाजारातून बनवून आणतो."

 बाजारात चिठ्ठीबरहुकूम औषध बनवून दिलं असतं.

"चिठ्ठी दवाखान्याची आहे. ती बाहेर देता येत नाही."

"माझ्या पोराला काही झालं तर तुमची नोकरी राहील का?"

 मी चिठ्ठी मुठीत धरली होती, ती घामानं ओली झाली. ते दाराशी आले, तेव्हा मी आतून कडी लावली. ते दार वाजवत राहिले. रांगेतली जसोंडीची एक म्हातारी त्यांना म्हणाली, "अहो भाऊ, थोडा दम धरा. पोराच्या पोटात पाणी ठरून राहिलं, ते त पाहा." तिच्यामुळे ते मागं सरले. पण मी कडी काढली नाही. पोर रडलं की मला बरं वाटायचं, गप्प झालं की मी खिडकीतून वाकून बघायचे.

दुपार कलता कलता टांगा आला. शिपाई बाईंना वाटेतच भेटला होता. त्या धुळीनं माखलेल्या तशाच आत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली. मग नवी चिठ्ठी लिहिली. खूण न काढता अक्षरात लिहिलं: एक थेंब.

बाहेर जाऊन त्या हेडक्लार्कांना म्हणाल्या, "औषध तयार व्हायला उशीर झाला. आता देतील."

एवढंच म्हणाल्या. मी आत बाटली धुवत होते, मला सगळं ऐकू आलं.

मुलगा चार दिवसांत खेळायला लागला. हेडक्लार्कांनी दवाखान्याच्या कमिटीकडे तक्रार केली, आणि माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं शेरा पडला: औषध देण्यात दिरंगाई. मी बाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. मला राग आला होता, फार आला होता. पण त्या एका चिठ्ठीवरून दवाखान्याला टाळं लागलं असतं हेही मला कळत होतं, म्हणून मीही बोलले नाही. त्यानंतर आम्ही नऊ वर्षं एकत्र काम केलं. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. पण अफू, कुचला, सोमल असलं काही विषारी लिहिलं की चिठ्ठी स्वतः खिडकीशी आणायच्या, माप अक्षरात लिहिलेलं असायचं, आणि विचारायच्या, "वाचा बरं, काय लिहिलंय?" मी मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या हलत नसत.

आता गोळ्या कारखान्यातून मोजून येतात. शिकायला येणाऱ्या मुलींना पुस्तकातच लिहून दिलेलं असतं, की शंका आली तर डॉक्टरांना विचारा. परवा एकीनं मला विचारलं, "आणि डॉक्टर जागेवर नसले तर?"

मी तिला म्हटलं, "तर औषध देऊ नकोस. लोक बोलतील ते ऐकून घे."