वॉर्म वेलकम आणि आईची घागर

त्या दिवशी डिलाईल रोडवरची आमची अख्खी चाळ सकाळपासून रस्त्यावर उभी होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेले चाळीतले सत्याग्रही सुटून येणार होते... आणि ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं!

ते आले मात्र, असा गलका उठला म्हणता! बायकांनी त्यांच्या पायांवर घागरीच्या घागरी ओतल्या, हातावर गूळ ठेवला, प्यायला गार पाणी दिलं. पहिली घागर माझ्या आईची... त्यातली निम्मी माझ्याच साडीवर.

तशीच ओल्या निऱ्यांनी मी गिरगावात पेपरच्या ऑफिसात पोचले. इंग्रजी तारांवरून मराठी बातम्या करायची माझी तीन महिन्यांची उमेदवारी त्या दिवशी संपत होती. ठेवणार की नारळ देणार, ते संध्याकाळी ठरायचं होतं.

आणि दुपारी टेबलावर तार आली ती आमच्याच रस्त्याची! एकच ओळ... गिरणगावात सत्याग्रहींना 'वॉर्म वेलकम' मिळालं.

मी झटकन 'उबदार स्वागत' लिहिलं. शेजारचे पाटकर डोकावले आणि ओरडले, "बाई, या उकाड्यात उबदार? गोधड्या वाटल्या की काय तिथे?" सगळं टेबल हसलं.

डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ कोमट, ऊब देणारं... पुढचा, मनापासूनचं, जिव्हाळ्याचं. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलखाचा शब्द तो. तिथे शेकोटीजवळ जागा दिली की माया. आमच्याकडे आपलं माणूस दिसलं की जीव गार होतो!

पान लागायला दहा मिनिटं उरली होती. मी शब्दाचा नाद सोडला आणि सकाळी जे पाहिलं ते चार ओळींत लिहून टाकलं. घागरी, गूळ, ओला रस्ता...

मुख्य उपसंपादक चिटणीससाहेबांनी कागद वाचला. "तारेत घागर कुठे आहे?"

"तारेत नाहीये, साहेब. मी तिथे होते."

"पाणी कोणी ओतलं?"

"पहिली घागर माझ्या आईची."

त्यांनी माझा 'अभूतपूर्व' तेवढा खोडला आणि कागद छपाईला धाडला. मग मान वर न करता म्हणाले, "उद्या अकराला या. आणि परवाही... रोजच या."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या नळावर ती बातमी मोठ्याने वाचली गेली. आईला वाचता येत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "माजी घागर इली काय गो पेपरात?"

"इली गे आये!"

पुढे नोकरीभर किती तारा मराठीत आणल्या, मोजदाद नाही. शब्द अडला की आधी स्वतःला विचारायचे, तिथे पाणी कोणी ओतलं?... थँक्यू, आये.